उपयुक्ततेचे चाळीस गुण

"महाराष्ट्राच्या ज्ञानव्यवहाराच्या इतिहासात आजचा मंगळवार सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल," असं अहेरसाहेबांनी जाहीर केलं. प्रिंटरमधली शाई संपत आली असल्यामुळे त्या मंगळवारचं इतिवृत्त फिकट करड्या अक्षरांत निघालं, आणि पहिल्याच ओळीत 'ज्ञानव्यवहार'मधलं 'ज्ञान' उमटलं नाही. नुसता व्यवहार उरला. चिमाजीने त्यावर गोल शिक्का मारला आणि फाइलला लावून टाकलं.

चिमाजी आमच्या समितीचा शिपाई, कारकून आणि स्मरणशक्ती. अहेरसाहेब समितीचे अध्यक्ष. जयराम अहेर, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अधीक्षक अभियंता. सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्या यांच्या संशोधनाला सरकार जो पैसा देतं त्याची पद्धत आमूलाग्र बदलायची, असं वर कुठेतरी ठरलं होतं. त्यासाठी तटस्थ अध्यक्ष हवा होता. इतिहास, भाषा, समाज यांच्याशी ज्याचा जन्मात संबंध आला नाही असा माणूस शोधताना सरकारला फार लांब जावं लागलं नाही.

जुनी पद्धत चांगली होती असं मी म्हणणार नाही. पाच प्राध्यापक एका टेबलाभोवती बसत, एकमेकांच्या विद्यार्थ्यांना अनुदान देत आणि पुढे एकमेकांच्या विद्यार्थ्यांच्या अहवालांना प्रस्तावना लिहीत. अशा एका अहवालात चौदा पानं दोनदा छापलेली मी स्वतः पाहिली आहेत. परीक्षकांचा शेरा होता, 'मांडणीत सातत्य आहे.' तेव्हा सुधारणा व्हायलाच हवी होती. प्रश्न एवढाच की घर झाडायला सांगितलं तर माणसाने केर काढावा. यांनी घरातली माणसं काढली.

नव्या पद्धतीत शंभर गुण. उपयुक्ततेला चाळीस, उद्योगक्षेत्रातला भागीदार मिळवला तर पंचवीस, लाभार्थींच्या पडताळणीला वीस, फाइल नीट लावली तर दहा. उरलेले पाच विषयाच्या ज्ञानाला. साठाच्या खाली प्रकल्प बंद.

समितीत एक 'सामान्य नागरिक' असावा, ही या सुधारणेतली सगळ्यात गाजलेली कल्पना. ती खुर्ची माझ्याकडे आली. मी पोस्टातून निवृत्त झालेला, दिवाळी अंकांत विनोदी लिहिणारा माणूस. नाशकात माझ्याहून सामान्य नागरिक पुष्कळ आहेत, पण त्यांना मंगळवारी कामं असतात. तिसरा सदस्य सार्थक, वय एकोणतीस, पुण्याच्या एका सल्लागार कंपनीचा. तो लॅपटॉप उघडल्याशिवाय नमस्कारही करत नसे.

पहिल्या दिवशी सकाळी एका तरुणाला शंभरात एक्याण्णव मिळाले. पंचवटीतल्या तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या चोपड्यांवर तो काम करत होता. तीनशे वर्षांत कोणकोणत्या गावची माणसं गोदावरीवर आली, दुष्काळात कोणती यायची थांबली, असा सुंदर विषय. त्याने भागीदार म्हणून वधू-वर सूचक केंद्र आणलं होतं. "कुळ चार पिढ्या मागे तपासून मिळेल," असं केंद्राच्या पत्रात लिहिलं होतं. सार्थकने टाळी वाजवली. तो तरुण गुण ऐकून खाली मान घालून निघून गेला. पदक मिळाल्यावर माणूस इतका ओशाळलेला मी पहिल्यांदा पाहिला.

त्यानंतर उज्वला पगारे आत आली.

उज्वला नाशिक रोडच्या एका कॉलनीत वाढलेली. वडील कारकून, आजोबा गिरणीत. ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवायची, म्हणजे तास झाला तर पगार आणि परीक्षा सुरू झाल्या की हवापाणी. दोन वर्षं ती दिंडोरीच्या द्राक्षबागांत हिंडत होती. सुरगाणा, पेठकडून मजूर बायकांच्या टोळ्या दिवाळीच्या आधी तिथे उतरतात. छाटणी झाली की काडीवरचे डोळे फुटावेत म्हणून औषध लावतात, त्याला पेस्टिंग म्हणतात. मग विरळणी, मग तोडणी. या बायकांनी आपल्या कामाबद्दल, अंगाबद्दल, मुकादमाबद्दल जे सांगितलं ते तिने त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं होतं. तिसऱ्या वर्षाची मंजुरी मिळाली तर त्याचं पुस्तक होणार होतं, आणि कामगार खात्याला अहवाल जाणार होता. नाही मिळाली तर तीनशे पानं कपाटात.

बायकांना तिने दोन शब्द दिले होते. नाव कुठेही येणार नाही. आणि छापण्याआधी जिचं तिला वाचून दाखवीन.

"उत्पादन काय?" अहेरसाहेबांनी विचारलं.

"पुस्तक, सर. आणि अहवाल."

"म्हणजे कागद."

"हो सर. कालव्याचा नकाशाही कागदावरच असतो ना?"

चिमाजीला खोकला आला. साहेबांनी अर्ज पुढे ओढला. "यंत्रसामग्री: एक रेकॉर्डर, सात वह्या. उत्पादनाचं आयुष्य... सहा महिने? हे काय?"

"मी 'लागू नाही' लिहिलं होतं सर. मशीन ते घेत नव्हतं. आकडाच हवा म्हणालं. चिमाजीभाऊ म्हणाले सहा लिहा, बिस्किटांच्या पुड्यावर असतं तसं."

"मॅम, तुमची टेक्नॉलॉजी लेव्हल शून्य दिसतेय," सार्थक म्हणाला. "शून्य सिस्टीमला चालत नाही. मी तीन टाकतो."

"तीन म्हणजे काय?"

"प्रयोगशाळेत सिद्ध झालेलं."

"माझी प्रयोगशाळा नाहीये."

"मॅम, मी तुमच्याच बाजूने बोलतोय. तीन करू या."

अहेरसाहेब तोवर उताऱ्यांच्या पानावर आले होते. एक बाई म्हणत होती, 'पेस्ट लावली का हाताची साल जाती. आठ दिस भाकर थापता येत नाय, पोरं पाण्यात बुडवून कालची खात्यात.' साहेबांनी ते दोनदा वाचलं. तेवढा वेळ मला आशा वाटली.

"ही बाई कोण?" त्यांनी विचारलं. "नाव नाही. इथे नुसता आकडा आहे."

"नावं द्यायची नाहीत असं ठरलंय सर."

"लाभार्थीचं नाव नाही, म्हणजे लाभार्थी नाही. मॅडम, उद्या मीही लिहीन, एक शेतकरी म्हणाला कालव्याला पाणी येतं. चालेल?"

"कोण बोललं हे मुकादमाला कळलं तर पुढच्या वर्षी तो तिला टोळीत घेणार नाही. पाड्यावर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत दुसरं काम नसतं. ती काय खाईल, हे माझ्या अर्जात कुठल्या रकान्यात लिहू?"

सार्थकने हात वर केला, वर्गात करतात तसा. "सर, यावर सोल्युशन आहे. मी मॅमसाठी इंडस्ट्री पार्टनर शोधलाय. पंचवीस गुण सरळ. दिंडोरीचे एक मोठे निर्यातदार आहेत, साठ एकर बाग, स्वतःचं पॅकहाऊस. ते म्हणतात, डेटा आम्हाला द्या, आम्ही मजुरांकडे वैयक्तिक लक्ष देऊ."

"वैयक्तिक," उज्वला म्हणाली.

"हो. पर्सनली."

"तेच तर होऊ नये म्हणून आकडे घातलेत."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि निर्णय दिला. प्रत्यक्ष पाहणी करू. "मी चाळीस वर्षं कालवे तपासले. पाणी टेलला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पोचलं का, हे ऑफिसात कळत नाही. टेलला जाऊन विचारावं लागतं." वाक्य इतकं बिनचूक होतं की मीही मान हलवली. या मान हलवण्याचा पुढे मला फार राग आला.

गुरुवारी आम्ही सरकारी गाडीतून दिंडोरीला गेलो. नवनाथभाऊ फाटकावरच उभे होते. साठ एकरांचा मालक, पण वागायला इतका मऊ की आपणच उर्मट आहोत असं वाटावं. उज्वला आमच्यामागून तिच्या स्कूटीवरून आली. तिला सार्थकने फाटकातच थांबवलं. पडताळणीच्या वेळी संशोधकाने हजर राहू नये, बायकांवर दबाव येतो, असा नियम होता.

"आणि मालक?" तिने विचारलं.

सार्थकने नियम पुन्हा चाळले. "मालकाबद्दल काही म्हटलेलं नाहीये मॅम."

तेव्हा ती फाटकाशी उभी राहिली आणि आम्ही आत गेलो. पुढे नवनाथभाऊ, मग साहेब, मग सार्थक, मग मुकादम सहादू, सगळ्यात मागे मी. मांडवाखाली चोवीस बायका डोक्यावर हात करून घडातले मणी बारीक कात्रीने विरळत होत्या. सकाळी आठपासून हात वर. आम्हाला पाहून त्या एका रांगेत उभ्या राहिल्या, कुणी न सांगता.

सार्थककडे नावं नव्हतीच. ती नवनाथभाऊंनी पुरवली. मुकादमाचं मस्टर. सार्थक मोठ्याने वाचू लागला.

"वत्सलाबाई गावित."

"हाय."

"मीना भोये."

"हाय."

"अक्काबाई भोये."

"हाय," हिरव्या फडक्याची बाई म्हणाली. मघाशी मीनाच्या नावालाही तिनेच हाय म्हटलं होतं. या वेळी आवाज जरा म्हाताऱ्या बाईचा काढला, एवढाच फरक. शेजारची पदराआड हसली. चोवीस नावं झाली, चोवीस हाय आले. काही बायका दोनदा बोलल्या, काही मुळीच बोलल्या नाहीत, बेरीज मात्र चोख.

मी सहादूला बाजूला घेऊन विचारलं, "अक्काबाई कोण रे यातली?"

"ती वारली ना साहेब, दोन वरीस झालं."

"मग हाय कोण म्हणालं?"

"तिच्या जागी तिच्या सुनंची भाची आली. ती बी आज नाय आली, ताप हाय. मीनाची बी जाऊच आलीय." त्याने माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. "एक नाव काढलं का समदं मस्टर नव्यानं लिवा लागतं. जागा महत्त्वाची. मानूस काय, येतं जातं."

टोळीची ही रीतच. मस्टरवर नाव असतं ते माणसाचं नसतं, जागेचं असतं. ती जागा नणंद भावजयीला देते, मेलेली सुनेला देते, आणि त्या नावाला जी उभी असेल ती हाय म्हणते. मी हे साहेबांना सांगितलं नाही. खऱ्या नावांपैकी जितकी कमी सार्थकच्या लॅपटॉपमध्ये जातील तितकं बरं, असा हिशेब मी केला आणि स्वतःच्या धूर्तपणावर खूश झालो. फार लवकर खूश झालो.

कारण आता साहेब पुढे सरसावले. त्यांनी रांगेतल्या पहिल्या बाईला, म्हणजे सिंधुबाईला, थेट विचारलं. सिंधुबाई टोळीतली थोरली. काटक, पंचेचाळिशीची, डोळ्यांत कायम कुणाची तरी फजिती पाहिल्यासारखं हसू.

"बाई, उज्वला मॅडमना तुम्ही कामाबद्दल काय सांगितलंत? घाबरू नका. खरं सांगा."

सिंधुबाईने साहेबांकडे पाहिलं, मग त्यांच्या खांद्यावरून नवनाथभाऊंकडे, मग सहादूकडे.

"आमी काय सांगनार? मालक लय चांगला हाय. पानी देतो, चहा देतो."

"औषधाचा हाताला त्रास?"

"कसला तरास? काय नाय."

दुसरी म्हणाली मालक चांगला हाय. तिसरी म्हणाली चहा देतो. बाविसावीला तर विचारावंच लागलं नाही. सार्थकने समाधानाच्या रकान्यात शंभर टक्के भरलं. मेलेल्या अक्काबाईसकट.

त्यानंतर अंगठे. सार्थकने पिशवीतून ठसे घेण्याचं छोटं यंत्र काढलं. ठसा कशाशी जुळवायचा नव्हता, तो टप्पा दोन होता. नुसता घ्यायचा. सिंधुबाईने अंगठा ठेवला. यंत्र लाल झालं. पुसून ठेवला, लाल. दुसरी बाई, लाल. सार्थकने यंत्र हलवलं, बॅटरी काढून घातली, स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. लगेच हिरवं.

"हात पुसून या ना जरा मावशी," तो म्हणाला.

"पुसलाय की दादा," सिंधुबाई म्हणाली आणि तळवा त्याच्या नाकासमोर धरला. मला तो दिसला. बोटांच्या टोकांवर रेघाच नव्हत्या. वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या नाण्यासारखी बोटं. चोवीसपैकी पंधरा बायकांचे अंगठे यंत्राला वाचता आले नाहीत. सार्थकने अहवालात लिहिलं, 'पंधरा ठिकाणी तांत्रिक अडचण.'

मग नवनाथभाऊंनी पॅकहाऊसमध्ये जेवण घातलं. पुलाव उत्तम होता. उज्वला तेव्हाही फाटकाशी उभी होती, आणि मी दुसऱ्यांदा पुलाव घेतला. निघताना आत काय काय झालं ते मी तिला सांगितलं, पुलाव तेवढा वगळला. हे लिहिताना माझ्याबद्दल जे वाटतं ते छापण्यासारखं नाही.

निर्णयाची बैठक पुढच्या मंगळवारी झाली. नवनाथभाऊ भागीदार म्हणून आले होते, पॅकहाऊसच्या पेटीत द्राक्षं घेऊन. मी उपयुक्ततेला चाळीसपैकी चाळीस दिले होते. अहेरसाहेबांनी सात, सार्थकने पाच. पडद्यावर सरासरी दिसली सहा.

"माझे कुठे गेले?" मी विचारलं.

"काका, तुमचा स्कोअर बाकीच्यांपासून फार लांब पडला. सिस्टीम असे गुण वगळते."

"मला सामान्य नागरिक म्हणून बोलावलं होतं ना?"

"हो काका. पण तुम्ही सरासरी नागरिकाच्या खूप बाहेर गेलात."

चिमाजी माझ्यासमोर चहा ठेवताना हळूच म्हणाला, "काका, पोस्टात पत्र हरवलं तरी पावती राहायची."

अहेरसाहेबांनी घसा साफ केला. "मॅडम, तुमच्या लिखाणात बायका म्हणतात हाताची साल जाते. आम्ही प्रत्यक्ष जाऊन विचारलं. एकीनेही तसं सांगितलं नाही. समितीपुढे दोनच शक्यता आहेत. एकतर हे तुम्ही बनवलंय..."

"सर."

"...किंवा बोलणाऱ्या बायका वेगळ्या आहेत. तर त्या कोण, हे सांगा. आम्ही पुन्हा विचारू. जुळलं तर पूर्ण गुण देतो, शब्द माझा."

नवनाथभाऊ पुढे झुकले. "ताई, मनात काही आणू नका. कोण बोललं तेवढंच सांगा. मी त्यांना हातमोजे देतो, पहिल्यांदा त्यांनाच देतो. बाकीच्या गप्प होत्या, त्यांना कशाला?"

सार्थकचं बोट कळफलकावर थांबलं होतं. उज्वलाने पर्स मांडीवरून खाली ठेवली. मला वाटलं ती रडेल. साहेबांनाही वाटलं असावं, कारण त्यांनी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला. तिने तो परत सरकवला.

"साहेब, कालव्याच्या टेलला जाऊन तुम्ही शेतकऱ्याला विचारायचात, पाणी येतं का. बरोबर?"

"बरोबर."

"त्याला वरच्या बागायतदाराच्या ओसरीवर बसवून विचारायचात? बागायतदार शेजारी, पाणी सोडणारा पाटकरी मागे उभा, आणि मग तुम्ही म्हणायचात, घाबरू नको, खरं सांग?"

साहेबांच्या मानेवर लाली चढली. "तसं कोण करेल?"

"गुरुवारी तुम्ही केलंत. चाळीस वर्षं जी चूक पाण्याच्या बाबतीत केली नाहीत, ती बायकांच्या बाबतीत तीन तासांत केलीत. पाण्याला मान होता. पाणी मोजताना तुम्हाला माहीत होतं की वरचा खोटं बोलतो आणि खालचा घाबरतो. हेच माहीत असणं म्हणजे माझं शास्त्र, सर. याला तुम्ही पाच गुण ठेवलेत. फाइलीच्या दोरीला दहा."

"मॅडम, हा जनतेचा पैसा आहे," सार्थक म्हणाला.

"अरे, मग जनतेला उपयोगी पडू दे ना! मला पूर्ण मान्य आहे. फक्त त्या चोवीसजणी जनतेत येतात का, तेवढं तुझ्या सिस्टीमला विचार. आणि तुमच्याच अहवालाचं पान चार उघडा. 'पंधरा ठिकाणी तांत्रिक अडचण.' कसली अडचण? स्वतःचा अंगठा ठेवलास तर हिरवा दिवा लागला ना? त्यांच्या बोटांना रेघाच राहिल्या नाहीत! मी दोन वर्षं जे लिहितेय ते तुमच्या मशीनने एका दुपारी सिद्ध केलं. बायका मालकासमोर खोटं बोलल्या. त्यांची बोटं बोलली नाहीत खोटं. ती वाचायला मात्र तुमच्यापैकी कुणाला येत नाही, आणि हे न येणं तुम्ही नियमात लिहून घेतलंय!"

तिचा आवाज इतका चढला की बाहेर रांगेत बसलेले अर्जदार दारात येऊन उभे राहिले. अहेरसाहेबांनी पान चार उघडलं. चष्मा पुसला. ती ओळ ते किती तरी वेळ वाचत होते. त्या क्षणी माणूस वळेल, असं मला पुन्हा वाटलं. साठीनंतरही मला असं वारंवार वाटतं.

"मुद्दा विचार करण्यासारखा आहे," ते शेवटी म्हणाले. "सार्थक, या यंत्राचं काही करता येईल?"

"येईल सर. आणखी संवेदनशील मॉडेल मिळतं. यंत्रसामग्रीच्या शीर्षाखाली आजच मंजूर करता येईल, त्याला गुणांची अट नाही."

"मग ते मंजूर."

इतिवृत्तात दोन ओळी आल्या. प्रकल्प बंद, यंत्र मंजूर. या खेपेला शाई ताजी भरलेली होती. दोन्ही ओळी ठळक उमटल्या.

मी बोललो का? बोललो. उभा राहून म्हणालो, की ही सुधारणा नाही, हा गुणपत्रिकेत गुंडाळलेला उद्दामपणा आहे; ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यालाच भागीदार करून घेणारी समिती मी पोस्टात असताना चोरीच्या चौकशीतही पाहिली नव्हती; आणि माझा राजीनामा घ्या. सार्थकने नम्रपणे सांगितलं की सामान्य नागरिकाला राजीनाम्याची तरतूद नाही, त्याची मुदत आपोआप संपते. नवनाथभाऊंनी मला द्राक्षांची पेटी देऊ केली. मी ती घेतली नाही. आयुष्यात फुकटची द्राक्षं नाकारण्याची माझी ही पहिलीच वेळ, आणि ती कुणाच्याही उपयोगी पडली नाही.

उज्वला जिन्यात उभी होती. पर्समध्ये गाडीची किल्ली सापडत नव्हती.

"नावं दिली असती तर झालं असतं ना काका?"

"झालं असतं."

"पुस्तकही झालं असतं."

"छान झालं असतं. प्रकाशन नवनाथभाऊंच्याच हस्ते."

ती हसली नाही. म्हणाली, "मालकाने हाकललं तर कळतं. हे लोक गुण देऊन हाकलतात." मग किल्ली सापडली. "छापायचं पुढचं पुढे. निदान वाचून दाखवायचं राहिलंय ते करते. आठवडे बाजाराला टोळीला सुट्टी असते. येता?"

मी गेलो. एसटीतून उतरून नाल्याकाठी चालत गेलो. टोळीची पालं तिथे होती, बागेपासून लांब. मालक नाही, मुकादम बाजारात. दुपारचं ऊन होतं. बायका एकमेकींच्या उवा काढत, धुणं वाळत घालत बसल्या होत्या. उज्वला गोणपाटावर वही घेऊन बसली आणि एकेकीला जवळ बोलावून तिचं तिला वाचून दाखवू लागली, बाकीच्यांना लांब बसवून. मी लांबच्यांत. पण सिंधुबाई म्हणाली, माझं समद्यांना ऐकू द्या, त्यात काय चोरी हाय.

तेव्हा उज्वलाने मोठ्याने वाचलं. पेस्टचा डबा उघडला की डोळ्यांत कसं जातं. पाण्याचा ड्रम त्याच बादलीने कसा भरतात. पोटुशी असताना एका बाईला दुपारीच रक्त गेलं आणि ती संध्याकाळपर्यंत ओळ पुरी करून मगच खाली कशी बसली, आणि मुकादमाने तिची अर्धी हजेरी कशी मांडली. ती बाई सिंधुबाई स्वतःच होती. मी हे ऐकलं आणि मला साहेबांचा, सार्थकचा, त्या पुलावाचा असा संताप आला की माझ्याखालच्या गोणपाटाची दशी तोडून तोडून मी एक कोपरा मोकळा केला. शिक्षणमंत्र्यांना, कामगार आयुक्तांना, सगळ्या वर्तमानपत्रांना काय लिहायचं त्याची वाक्यं डोक्यात जुळू लागली. चांगली वाक्यं होती. हिरव्या फडक्याची बाईसुद्धा हसायची थांबली होती.

वाचून संपलं. उज्वलाने डोळे पुसले. "सिंधुमावशी, बरोबर आहे ना? काही बदलायचं आहे? अजून कुणीच हे छापायला तयार नाहीये, पण कधी ना कधी छापीन. तुमचा शब्द न् शब्द राहील. नाव येणार नाही."

सिंधुबाई बराच वेळ वहीकडे पाहत राहिली. वाचता येत नव्हतं, तरी पाहत राहिली. मग तिने पानाच्या डोक्यावर बोट ठेवलं.

"समदं खरं हाय. असंच झालं व्हतं. हे वर काय लिवलंय?"

"तो तुमचा नंबर. नावाऐवजी. सतरा."

"आन् वत्सलेचा?"

"चार."

सिंधुबाईने मागे वळून वत्सलाबाईकडे असं काही पाहिलं की ती घाईघाईने धुणं उलटं करू लागली. मग सिंधुबाई उज्वलाच्या जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"नाव नको, ते बराबर हाय ताई. पन मी टोळीत थोरली ना? सतरा म्हंजे लयच मागं बसवलं तुमी मला. पाचाच्या आत कुठं जागा असली तर बघा की."